सुकत्या लाकडावर बसायचं नाही

सत्यफुलाबाई गजभिये माझ्याशी बोललेला पहिला शब्द होता, "उठा."

भंडाऱ्याजवळ, शहापूरच्या पुढे हायवेला लागून असलेल्या लाकूड कापायच्या आरा मशीनवर तो माझा पहिला दिवस होता. मालक केवलभाऊ कुठल्याशा शेतात झाडं बघायला गेले होते, ऑफिसला कुलूप होतं, आणि ऊन असं होतं की उभं राहवेना. टिनाच्या शेडखाली फळ्यांची एक नीटनेटकी थप्पी दिसली. उंची बरोबर बाकाएवढी. मी रुमालाने धूळ झटकली आणि बसलो. दोन मिनिटं झाली नसतील, तर समोर एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, सडपातळ, भुवयांवर लाकडाचा भुसा बसलेला, कमरेला पदर खोचलेला.

"उठा बाबूजी."

मला वाटलं कुणाची तरी ठरलेली जागा असेल. "का हो?"

"सुकून राहिलं ते. सुकत्या लाकडावर बसाचं नाही."

मी बी.कॉम. झालेला माणूस. त्याआधी अकरा वर्षं भंडाऱ्याला एका लाकूड ठेकेदाराच्या फायली सांभाळलेल्या. लाकडातलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. म्हटलं, "बाई, लाकूड आहे ते. हत्ती बसला तरी पेलेल."

"पेलते ना. मी कुठं नाही म्हनते? पन पेलता पेलता सुकनं होत नाही त्याच्याच्यानं. दोन्ही कामं एका टायमाले कोनाले जमते?"

मी उठलो. खरं सांगायचं तर पुढची नऊ वर्षं मी त्या आवारात बहुतेक उभाच होतो.

तिथं मी आलो कसा, तेही सांगून टाकतो. जिल्हा फुटला आणि गोंदिया वेगळा झाला, तेव्हा बरंचसं जंगल त्या बाजूला गेलं. आमच्या ठेकेदाराचा माल तिकडच्या डेपोंतून यायचा. तो आपला बाडबिस्तरा घेऊन तिकडेच गेला, आणि मी फायलींसकट इकडे राहिलो. केवलभाऊंची आरा मशीनही तेव्हा महिन्यातले वीस दिवस बंद असायची. पण माणूस हट्टी. त्यांनी ठरवलं, जंगलाचं लाकूड मिळत नाही तर शेतातलं घेऊ. लोकांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर, म्हणजे भातखाचरांच्या कडेला, आणि पडीक तुकड्यांवर सागाची रोपं लावली होती. ती झाडं आता कापणीला आली होती. भंडाऱ्यातले व्यापारी हसायचे. लागवडीचा साग म्हणजे कच्चा, पांढरा, वाकडा होणार, असं त्यांचं मत. ते अगदीच खोटं होतं असं नाही. म्हणूनच फुलाबाई महत्त्वाची होती.

सगळे तिला फुलाबाई म्हणत. कागदावर मात्र ती 'सत्यफुलाबाई' असं पूर्ण लिहायची. प्रौढांच्या वर्गात सही शिकली होती, आणि एकही अक्षर कमी करायला तयार नसायची. पगाराच्या दिवशी तिच्या सहीपायी रांग थांबायची. मी एकदा म्हटलं, "नुसतं स. गजभिये करा ना." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

तिचं काम थप्पीचं. आऱ्यातून निघालेली ओली फळी तिच्याकडे जायची. तिच्या हाताखाली दहा बायका होत्या. फळी, तिच्यावर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर पुन्हा फळी, अशी थप्पी रचायची. वारा मधून फिरला पाहिजे, आणि खालपासून वरपर्यंत पट्टीखाली पट्टी आली पाहिजे. एक पट्टी बोटभर सरकली की खालची फळी तिथं वाकते आणि वाकडीच सुकते. आपण वर बसलो की पट्ट्या सरकतात, हे मला वर्षभराने समजलं. तोवर मी ती बाईची काहीतरी श्रद्धा आहे असं धरून चाललो होतो. आमच्यासारख्या शिकलेल्या लोकांना हे फार सोपं जातं.

प्रत्येक थप्पीवर ती गेरूने गावाचं नाव लिहायची. मोहाडी. सानगडी. बाकी कुठली खूण नाही, नंबर नाही. कारण विचारलं तर म्हणायची, "कुठून आलं ते माहीत नसलं तर किती दिवस थांबाचं ते कसं समजंल?" आणि शेतकरी गाडी घेऊन आला की त्याची उलटतपासणी सुरू व्हायची. झाड धुऱ्यावर होतं का मोकळ्या जागेवर? धुऱ्यावर होतं तर बांधीत पाणी किती महिने राहतं? शेजारी तलाव आहे का? एकटं होतं का दाटीत होतं? मोहाडीकडचा एक शेतकरी एकदा वैतागलाच. 

"ओ बाई, मी लाकूड देऊन राहिलो का पोरगी?"

"पोरगी असती तर इतकं नसतं विचारलं," फुलाबाई म्हणाली. "पोरगी बोलते. लाकडाले काय झालं ते त्याले सांगता येते का?"

तो शेतकरी हसला, मग निमूट खाली बसला आणि सांगू लागला. त्याच्या वडिलांनी रोपं कशी आणली, पहिल्या दोन वर्षांत गुरांनी कशी खाल्ली, मग बाभळीचे काटे कसे लावले, सगळं. झाड विकून झाल्यावर त्याबद्दल कुणी विचारतंय, याचं त्याला बरं वाटलेलं दिसत होतं. जाताना त्याने उतरवलेल्या बुंध्यांना हात लावला आणि फुलाबाईला म्हणाला, "नीट सुकवजा." ती म्हणाली, "जा तू. आता ते माह्या घरी हाय."

लाकूड सुकलं की नाही, हे ती गालाने ओळखायची. थप्पीतून मधलीच एक फळी अर्धी ओढायची, वाकायची आणि उजवा गाल तिच्यावर टेकवायची. डोळे मिटलेले. दहा-बारा सेकंद. आत पाणी असेल तर गालाला गारवा लागतो, एवढीच त्यातली विद्या. पण मी हजारदा करून पाहिलं आणि मला प्रत्येक फळी सारखीच लागली. ती उठून म्हणायची, "आठ दिवस अजून." किंवा, "काढा." बायका काढायला लागायच्या.

पुढे केवलभाऊंना नागपूरच्या एका निर्यातदाराचं काम मिळालं. परदेशात बागेत ठेवायच्या खुर्च्या आणि बाकं बनवतात, त्यांचे सुटे भाग आम्ही करून द्यायचे. पाय, हात, बैठकीच्या पट्ट्या. ते तिकडे जोडणार. पहिला कंटेनर परीक्षेचा. पसंत पडला तर वर्षभर काम, नाही तर केवलभाऊंनी स्पष्ट सांगितलं होतं की आरा विकून टाकतो आणि त्या जागेत ढाबा काढतो. म्हणजे थप्पीच्या अकरा बायका घरी, आणि मीही घरी. हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवसांत आवारात कुणी मोठ्याने हसायचं नाही.

निर्यातदाराचा एक तरुण माणूस ओलावा मापायचं यंत्र घेऊन आला. मुठीएवढं, पुढे दोन टोकदार सुया. सुया लाकडात टोचायच्या की आकडा दिसतो. मला वाटलं, आता गाल आणि यंत्राचं भांडण लागणार. मी खुर्ची जरा पुढे ओढून बसलो होतो, खोटं कशाला सांगू. फुलाबाईने यंत्र हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, आणि आम्ही अडवायच्या आत सुया आपल्या तळहाताला लावल्या. आकडा टोकाला जाऊन थांबला.

"पाहा," ती बायकांना म्हणाली, "मी अजून कच्चीच हाय."

कित्येक दिवसांनी शेडमध्ये हसू फुटलं. त्या तरुणालाही आवरेना. यंत्राचा तिने जराही राग धरला नाही. त्याचं नाव 'टोचनी' ठेवलं आणि रोज फडक्यात गुंडाळून ठेवू लागली. आधी गाल लावायची, मग टोचनी. "दोघाईचं जुळलं का काढा," असा हुकूम. जुळलं नाही तर थांबायचं, कोण बरोबर ते बघत बसायचं नाही. अशी बाई वरिष्ठ म्हणून मिळणं हे भाग्य आहे, पण ती माझी वरिष्ठ आहे हे मला तेव्हा कबूल नव्हतं.

कंटेनर शनिवारी येणार होता. मंगळवारी खोकी भरून तयार झाली. त्या आधीच्या आठवड्यात फुलाबाई भाचीच्या लग्नाला चार दिवस गेली होती, आणि तेवढ्यात मी एक उद्योग करून ठेवला होता. तो येईलच पुढे.

बुधवारी तपासणीचे साहेब आले. बाहेरच्या देशात लाकडासोबत कीड जाऊ नये म्हणून ते पाहतात. त्यांनी पहिलं खोकं उघडायला लावलं. झाकण निघालं आणि मला आत सोनेरी पिवळं काही तरी दिसलं. तनस होती. धानाची वाळलेली काडी, छान मऊ करून, प्रत्येक थराखाली अंथरलेली. वर सागाच्या पट्ट्या, अशा ठेवलेल्या की एकीचा ओरखडा दुसरीवर येणार नाही.

आमच्या भागात जपायची वस्तू तनशीतच ठेवतात. आंबे तनशीत पिकतात, मडकी बाजाराला तनशीत जातात, नवा आरसा गावात येतो तो तनशीतून. आपलं लाकूड इतक्या लांब जाणार, तर त्याच्या अंगाखाली तनस हवी, यात कुणाला शंका वाटलीच नाही. मी भरणं बघायलाही गेलो नव्हतो. मी कागद बघत होतो.

साहेबांनी एक काडी उचलून उजेडात धरली. टोकाला धानाचा एक फोल दाणा चिकटलेला होता. ते शांतपणे म्हणाले की तिकडे हे चालत नाही. एक काडी सापडली तरी अख्खा कंटेनर परत येईल. मग विचारलं, "हे कुणी भरलं?"

केवलभाऊ माझ्याकडे पाहू लागले. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, की बायकांनी भरलं. ते खोटंही नव्हतं. पण त्याआधी फुलाबाई पुढे आली.

"मी सांगतलं होतं भराले. बायांचा काही दोष नाही. आमच्या बांधीतली हाय तनस, मीच आणली. चुकलं साहेब. मले माहीत नव्हतं. आता कसं कराचं ते सांगा, तसं करतो."

साहेबांचा आवाज उतरला. शुक्रवारी पुन्हा येतो म्हणाले. तोवर प्रत्येक नग बाहेर काढून ब्रशने झाडायचा, खोकी आतून पुसायची आणि पुठ्ठा घालून भरायची. ते गेल्यावर फुलाबाई नळावर गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली. परत आली ती ब्रशांचा गठ्ठा घेऊनच.

गुरुवारी सकाळपासून आवारात पांढऱ्या चादरी अंथरल्या. दहा बायका झाडत होत्या आणि झाडलेला प्रत्येक नग फुलाबाईच्या हातातून खोक्याकडे जात होता. दुपारपर्यंत निम्मा माल झाला. मी पुठ्ठे कापत होतो. एकदम लक्षात आलं की तिच्याकडून नग येईनात. बघतो तर ती एक पट्टी गालाला लावून उभी. मग ती पट्टी बाजूला ठेवली. दुसरी उचलली, तीही गालाला. तीही बाजूला. तिसरी. तिचा चेहरा असा उतरला होता की झाडणाऱ्या बायकाही थांबल्या.

"बाबूजी," ती म्हणाली, "इकडं या जरा. टोचनी लावून पाहा. मले हे वलं लागून राहिलं. मी काढा म्हनलं तवा तर सुकलं होतं. मले सानगडीसारखं लागते, पन सानगडी तर मी अजून काढलीच नाही."

मी यंत्र घेऊन गेलो खरा, पण मला ते लावायची गरज नव्हती. ते सानगडीचंच होतं. ती लग्नाला गेली तेव्हा नग कमी पडत होते. सानगडीच्या थप्पीला तिने अजून पंधरा दिवस सांगितलेले. तलावाकाठच्या धुऱ्यावरची झाडं, पाणी जास्त. मी यंत्र फळीच्या टोकाला टोचलं. टोक आधी सुकतं, त्यामुळे आकडा छान आला. तो मला हवा होता म्हणून मी मधोमध टोचून पाहिलं नाही. संध्याकाळी बायका घरी गेल्यावर फळ्या कापायला पाठवल्या आणि थप्पीच्या जागी दुसऱ्या फळ्या रचून वर सानगडी लिहून ठेवलं. अक्षरसुद्धा तिच्यासारखं काढलं होतं.

गप्प बसता आलं असतं. यंत्र टोकाला लावून पुन्हा तोच आकडा दाखवता आला असता. तिने मानलं असतं, कारण त्या क्षणी तिला आपल्यावरच भरवसा राहिला नव्हता. पण कालचं तिचं 'चुकलं साहेब' अजून कानात होतं.

"सानगडीचंच आहे," मी म्हणालो. "तुम्ही नव्हता तेव्हा मी काढलं. नग कमी पडत होते."

सगळ्या बायका ऐकत होत्या. केवलभाऊही दारात होते. ती रागावेल म्हणून मी मान खाली घातली होती. तिने मोठा श्वास सोडला आणि चक्क हसली.

"बरं झालं बापा सांगतलं. मी कवाची माह्या गालाले दोष देऊन राहिली होती. म्हनलं, गेला आता हा. म्हातारी झाली सत्यफुला."

मला आजही ते वाक्य आठवलं की कसंतरी होतं. तीस वर्षं त्या गालावर तिचं घर चाललं होतं, आणि मी एका आकड्यासाठी तो तिच्याकडून काढून घेत होतो. माझ्या चुकीचा तिला राग नव्हता. आपलं बरोबर होतं याचाच आनंद मोठा होता.

सानगडीचे सगळे नग वेगळे काढले. मोठा ढीग झाला. केवलभाऊंनी ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शिवी गिळून नागपूरला फोन लावला. आम्ही सगळे कान देऊन. "माल कमी येईल," ते म्हणाले. "हो, कमी. पण येईल तो सुकलेला येईल." पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला. केवलभाऊ फक्त हं-हं करत होते. फोन ठेवून म्हणाले, "आहे तेवढा पाठवा म्हणतो. राहिलेला पुढच्या कंटेनरमध्ये."

"म्हनजे पुढचा हाय?" फुलाबाईने विचारलं.

केवलभाऊंच्या ते लक्षातच आलं नव्हतं. "तसंच म्हणाला की," ते म्हणाले आणि तिथंच पायरीवर बसले.

शुक्रवारी साहेबांनी तीन खोकी उघडली, हात घालून कोपरे चाचपले आणि सही केली. शनिवारी कंटेनर गेला. काही महिन्यांनी तिकडून कळवलं की एकही भाग वाकला नाही की चिरला नाही. सानगडीचा साग पुरते दिवस सुकून दुसऱ्या कंटेनरमधून गेला. त्यानंतर दुसरी शेड उभी राहिली, थप्पीवर बायका वाढल्या. मोहाडीचा तो शेतकरी रिकाम्या झालेल्या धुऱ्यावर नवी रोपं लावून आला आणि मुद्दाम फुलाबाईला सांगायला थांबला. ढाब्याचं नाव केवलभाऊंनी परत काढलं नाही.

एक गोष्ट मात्र तिला कायम खटकायची. इतके पाय, इतके हात, इतक्या पट्ट्या तिच्या हाताखालून गेल्या, पण त्याचं बाक झालेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. "नुसतं माप घेतलं बाबूजी, पोशाख नाही पाहिला," असं म्हणायची.

गुडघे धरले तसं तिने काम सोडलं. थप्पी तिच्या हाताखालच्या बायका बघू लागल्या, गाल आणि टोचनी दोन्ही वापरून. गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या निर्यातदाराने प्रदर्शनासाठी जोडलेलं एक बाक केवलभाऊंना भेट दिलं. ते म्हणाले, ऑफिसात ठेवू. मी म्हटलं, नाही. टेम्पोत घातलं आणि तिच्या गावी घेऊन गेलो.

ती अंगणात धान पाखडत होती. सूप बाजूला ठेवून उठली. "जय भीम बाबूजी. हे काय आनलं?" आणि मग तिला कळलं. बाकाभोवती हळूहळू एक चक्कर मारली. सांध्यांवर बोट फिरवलं, खाली वाकून बैठकीच्या पट्ट्या मोजल्यासारख्या पाहिल्या. मी वाट बघत होतो, आता गाल टेकवेल.

"सानगडीचं असेल का हो?" मी विचारलं.

"आता कायले विचारता? सुकल्यावर त्याले गाव राहते का?"

तिने गाल लावला नाही. लुगडं सावरलं आणि बसली. आधी काठावर, मग मागे सरकून, पाठ टेकवून, दुखरे पाय वर घेऊन मांडी घालून. नऊ वर्षांत तिला लाकडावर बसलेली मी कधीच पाहिली नव्हती. उन्हाकडे तोंड करून तिने डोळे मिटले, तसेच, दहा-बारा सेकंद.

डोळे उघडले तेव्हा मी समोर उभाच होतो. ती जरा बाजूला सरकली आणि शेजारच्या जागेवर हात आपटला.

"बसा बाबूजी," ती म्हणाली. "आता बसलं तर चालते."